काउंटरवरचं ऑर्किड

दाताच्या दवाखान्यातल्या काउंटरवर सहा वर्षं एक ऑर्किड होतं, आणि ते प्लॅस्टिकचं आहे याबद्दल कुणालाही शंका नव्हती. डॉक्टरांना नव्हती, नर्सला नव्हती. पेशंटना तर जबडा धरून बसलेलं असताना झाडाकडे बघायला सवडच नव्हती. काउंटरवर बसणाऱ्या ताईंना अजिबातच नव्हती, कारण दर सोमवारी त्याची पानं पुसण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. टेलिफोन, हजेरीबुक, झाड, या क्रमाने त्या एकाच फडक्याने सगळं पुसून घेत.

ताईंना सगळे ताईच म्हणत. डॉक्टर वीस वर्षांनी मोठे होते, तेही ताई म्हणत. ऐंशी वर्षांचे पेशंट काठी टेकत यायचे आणि म्हणायचे, "ताई, नंबर लावा जरा." लग्नाचं वय आलं आणि गेलं, तेव्हा ताई दुसऱ्यांच्या अपॉइंटमेंटा लिहीत होत्या. आता त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांचं अक्षर फार चांगलं होतं.

झाड आलं ते दवाखान्याने नवी खुर्ची घेतली तेव्हा. खुर्ची विकणाऱ्या कंपनीने भेट म्हणून ते पाठवलं होतं. एका दांड्यावर नऊ फुलं होती. अडीच महिन्यांनी त्यातलं एक गळून हजेरीबुकावर पडलं, मग दुसरं. ताईंना वाटलं, डिंक सुटला. त्यांनी कंपनीला फोन करून सांगितलं की तुमच्या झाडाची फुलं निखळताहेत. तिकडून एकजण अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, वॉरंटी फक्त खुर्चीची आहे."

नऊच्या नऊ फुलं पडल्यावर ताईंनी बाजारातून कापडाची फुलं आणली आणि दात सरळ करायच्या तारेने ती दांड्याला बांधून टाकली. दाताचा दवाखाना असल्यामुळे, पडलेल्या गोष्टीच्या जागी खोटी बसवण्यात तिथे कुणाला काही गैर वाटलं नाही. उलट डॉक्टर म्हणाले, "काम सफाईचं झालंय." पुढे वर्षाकाठी खालचं एखादं पान पिवळं पडायचं, ते उन्हाने रंग उडाला म्हणून ताई ओढून टाकायच्या. वर एखादं नवं येत असणार. पण प्लॅस्टिकच्या झाडाची पानं मोजायला कोण बसतं?

मग एक दिवस डॉक्टरांनी आपला उजवा हात दिव्याखाली धरून बघितला. तो हलत होता. फार नाही, पण दुसऱ्याच्या तोंडात घालायच्या हाताने तेवढंही हलू नये. महिन्याभरात त्यांनी दवाखाना आवरला. शेवटच्या दिवशी म्हणाले, ज्याला जे हवं ते घेऊन जा. नर्सने भिंतीवरचं घड्याळ घेतलं. ताईंनी झाड घेतलं.

घरी आई होती. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, तोंडात दात नाहीत. कवळी होती, पण ती पेल्यात असे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मायलेकी राहत. खाली बेकरी होती आणि भट्टीचं धुराडं त्यांच्याच भिंतीतून वर जात असल्यामुळे घर बारा महिने उबदार असे.

आईने झाडाकडे बघितलं. "एकोणीस वर्षांच्या नोकरीचं हे दिलं?"

"दिलं नाही. मी घेतलं. आठवण म्हणून."

"तुला आठवण ठेवायला प्लॅस्टिक लागतं?"

ताईंनी झाड फ्रिजवर ठेवलं. तीन आठवड्यांनी त्यावर धूळ दिसली, तेव्हा कापडी फुलं सोडवून त्यांनी वेगळी भिजत घातली आणि झाड मोरीत नेऊन कुंडीसकट नळाखाली धरलं. कुंडीच्या कडेवरून काही मुळं बाहेर लोंबत होती. जाड, राखाडी, एखाद्या वायरसारखी. पाणी पडल्यावर ती बघता बघता हिरवी झाली.

आई शेजारी उभी राहून बघत होती. "हे रंग बदलतंय."

"स्वस्तातलं प्लॅस्टिक असेल."

आईने पुढे होऊन एका पानाला नख लावलं. पानातून पाण्यासारखा रस आला. आईने बोट ताईंच्या पुढे धरलं. ती गरज पडल्याशिवाय बोलत नसे, आणि आता गरज नव्हती.

ताई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. सहा वर्षं. सहा वर्षं त्यांनी एका जिवंत झाडाला टेलिफोनच्या फडक्याने पुसलं होतं, जंतुनाशक लावून. त्याला तारेने खोटी फुलं बांधली होती. आणि पाण्याचा एक थेंब घातला नव्हता.

त्या दिवसापासून ताईंनी झाडाची नीट काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून झाड मरायला लागलं.

कुंडीत माती नव्हतीच, नुसत्या लाकडाच्या कसल्या तरी ढलप्या होत्या. ताईंना ते बघून भडभडून आलं. त्यांनी मोठी कुंडी आणली, काळी माती आणली, शेणखत आणलं, झाड मुळांसकट मातीत गळ्यापर्यंत पुरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दुपारी उन्हात ठेवलं. महिनाभरात पानं ओल्या चपलेसारखी मऊ पडली. दोन तर नुसत्या स्पर्शाने हातात आली.

ताईंच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. आपण तर पाणी घातलं नाही. मग इतकी वर्षं ते जगलं कसं?

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "कुठलं झाड?" बराच वेळ समजावल्यावर म्हणाले, "ते प्लॅस्टिकचं होतं की." मग नर्सला केला. नर्स म्हणाली, "ताई, खरं सांगते, मी एकदा त्याच्या पानाखाली च्युइंगम चिकटवलं होतं. मला माहीत असतं तर नसतं चिकटवलं." पाणी तिनेही घातलं नव्हतं.

मध्येच आईने आपल्या कवळीचा विषय काढला. दवाखाना होता तोवर तिने कधी तक्रार केली नव्हती, आता तो बंद झाल्यावर तिला खालची कवळी सरकते हे आठवलं. ताईंनी कवळीवाल्यांना फोन लावला. नंबर पाठ होता.

कवळीवाले म्हणजे डॉक्टरांना दात करून देणारे गृहस्थ. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाहीवर कायम प्लॅस्टरचे पांढरे ठिपके. नऊ वर्षं ते दर गुरुवारी अकरा वाजता दवाखान्यात यायचे, पेशंट बाहेर येईपर्यंत बाकावर बसायचे, डब्यातली कवळी डॉक्टरांना द्यायचे आणि जायचे. नऊ वर्षांत त्यांचं आणि ताईंचं बोलणं एवढंच: "आहेत का?" "आहेत, बसा."

ताईंनी कधीही या म्हणून सांगितलं होतं. ते गुरुवारी अकरा वाजता आले.

आई खुर्चीत आ करून बसली होती. कवळीवाल्यांनी पेटी उघडली, छोटा आरसा काढला, आणि मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. ते आरसा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मातीत घातलंत?" ते म्हणाले.

ताईंना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला माहीत होतं ते खरं आहे?"

"हो."

"कसं काय?"

"खोट्या वस्तू करणं हाच माझा धंदा आहे. मला खोटं लगेच दिसतं. आणि खरं पण."

"मग पाणी..."

"दर गुरुवारी. कूलरचा एक पेला. तुम्ही फोनवर असायचात. बेसिनमध्ये निथळू द्यायचो आणि परत ठेवायचो. जास्त लागत नाही त्याला. आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं."

ताईंनी खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला सांगितलं का नाही?"

कवळीवाल्यांनी आरसा रुमालाने पुसला, तो स्वच्छच होता. "तुम्ही त्याला फुलं बांधली होती. फार नीट बांधली होती. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तरीही बांधलीत. म्हटलं, काहीतरी विचार असेल त्यामागे. आपण कशाला बोला."

"मी आ करून बसले आहे," आई म्हणाली. दातांशिवाय आणि तोंड उघडं ठेवून ती जे बोलली ते दोघांनाही बरोबर समजलं.

पण आईला थांबावं लागलं. कवळीवाल्यांनी आधी झाड मातीतून उपसलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि मुळं चाचपली. बहुतेक सगळी कुजली होती. बोटांत धरली की साल निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. त्यांनी पेटीतली बारीक कात्री काढून एकेक कापलं. ताईंकडून दालचिनीची पूड मागून घेतली आणि कापलेल्या जागी लावली, बुरशी धरू नये म्हणून. शेवटी दोन मुळं उरली आणि तीन पानं.

"जगेल?" ताईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. एक मारलंय मी असंच. माझ्या बायकोचं होतं. ती गेल्यावर मी त्याला रोज पाणी घातलं." ते कात्री पुसत म्हणाले. "त्यातून कळलं मग सगळं. उशिरा."

दुसऱ्या दिवशी ते वखारीतून झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा घेऊन आले. नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच शुक्रवारी दिसले. एका प्लॅस्टिकच्या बरणीला त्यांनी कवळी घासायच्या छोट्या यंत्राने भोकं पाडली, एकाच मापाची, सारख्या अंतरावर. बरणीत साल भरली, त्यात झाड उभं केलं आणि ते हलू नये म्हणून काठीला बांधलं.

तेव्हापासून ते दर गुरुवारी येऊ लागले. झाडाला पाणी ते स्वतः घालत. ताईंचा हात सढळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मग आईची कवळी काढून घेत, एखादा दात किंचित घासत, पुन्हा बसवत. आई दात एकमेकांवर आपटून बघायची आणि मान हलवायची. "टोचतंय. इथे." पुढच्या गुरुवारी ते त्या जागी घासत. तेव्हा दुसऱ्या जागी टोचायचं.

ताईंना चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं. पगार किती, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी गुरुवारची सुट्टी मागून घेतली.

झाड मेलं नाही. जगलं असंही म्हणता येत नव्हतं. ते तीन पानं घेऊन बरणीत बसून राहिलं. चार महिन्यांनी त्याला एक नवं मूळ फुटलं, तेव्हा कवळीवाल्यांनी खिशातलं भिंग काढून ते दोनदा बघितलं आणि चहा घेतला. एरवी ते चहा नको म्हणत.

एका बुधवारी ताई दुकानातून लवकर घरी आल्या. आई खिडकीत बसून गाजर खात होती. कच्चं गाजर, कडाकडा चावून, मजेत. ताईंना बघून ती थांबली नाही.

"आई, दात बसलेत."

"बुधवारी बसतात," आई म्हणाली. "गुरुवारी टोचतात."

ताईंनी पिशवी खाली ठेवली. "कधीपासून?"

"दुसऱ्याच खेपेला बसले. माणूस कारागीर आहे."

"मग त्यांना उगाच कशाला हेलपाटे घालायला लावतेस? ते काय म्हणतील?"

"त्याला माहीत आहे. गेले तीन महिने तो नुसतं यंत्र फिरवतोय. दाताला लावत नाही." आईने गाजराचा उरलेला तुकडा बाजूला ठेवला. "आणि एक सांगते. तुला डॉक्टर ताई म्हणतात, नर्स ताई म्हणते, खालचा बेकरीवाला ताई म्हणतो. हा मनुष्य एकदाही म्हणाला नाहीये. 'अहो', 'ऐका', 'जरा इकडे', काय वाटेल ते म्हणतो. ताई म्हणत नाही. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण कोण तुला काय म्हणतं ते तू मोजत नाहीस."

ताई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी नऊ वर्षांतले गुरुवार आठवून बघितले. "आहेत का?" खरंच, त्याच्या पुढे ताई नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कवळीवाले आले. आईला डाव्या बाजूला टोचत होतं. ताई या वेळी शेजारी उभ्या राहून यंत्र कुठे फिरतंय ते बघत राहिल्या. ते हवेत फिरत होतं.

वर्ष होत आलं. झाडाला पाच मुळं आणि चार पानं झाली, पण फुलाचं चिन्ह नव्हतं. कवळीवाले म्हणाले, "याला रात्रीचा गारवा लागतो. महिना-दीड महिना. दवाखान्यात सगळ्या काचा बंद, बारा महिने एकच हवा. याला वर्ष कधी संपलं ते कळतच नव्हतं. आणि तुमच्याकडे खाली भट्टी."

"मग?"

"माझ्याकडे ठेवून बघू. माझी खिडकी उत्तरेची आहे. थंडी संपली की परत आणू."

ताईंनी झाड मांडीवर घेऊन रिक्षातून नेलं. कवळीवाल्यांचं घर जुन्या कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत काम आणि आत घर. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे प्लॅस्टरचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. ताईंना त्यातले निम्मे ओळखता आले. सगळ्यांच्या अपॉइंटमेंटा त्यांनीच लिहिल्या होत्या. त्यांनी खिडकीत झाड ठेवलं, बरणी चौकटीला टेकवून.

आता गुरुवारी ताई आणि आई तिकडे जाऊ लागल्या. आईचे दात तिकडेही टोचत.

सातव्या आठवड्यात पानाच्या बगलेतून हिरवं टोक बाहेर आलं. कवळीवाल्यांनी भिंग काढलं.

"दांडा असेल तर टोक जरा चपटं असतं. मूळ असेल तर गोल."

"चपटं आहे," ताई म्हणाल्या.

"मला जरा गोल वाटतंय."

"नीट बघा. चपटं आहे."

तीन आठवडे हा वाद चालला. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला दातांचंच बघू दे. चौथ्या आठवड्यात ते टोक वर जायच्याऐवजी खाली वळलं, खिडकीच्या चौकटीपर्यंत गेलं आणि लाकडाला चिकटलं. मूळच होतं. ताई खुर्चीत बसल्या. कवळीवाले म्हणाले, "मूळ येणं पण चांगलंच."

थंडी संपली. झाड परत न्यायला ताई टोपली घेऊन आल्या, तेव्हा मूळ चौकटीवर वीतभर पसरलं होतं. कवळीवाल्यांनी त्याच्याखाली सगळ्यात पातळ पातं घालून बघितलं. मुळाने लाकूड असं धरलं होतं की रंगाचे पोपडे सुटून येत होते, मूळ सुटत नव्हतं.

"ओढलं तर तुटेल," ते म्हणाले. "आणि सहातलं सगळ्यात मोठं हेच आहे. माझं ऐकाल तर हलवू नका."

ताई रिकामी टोपली घेऊन घरी आल्या. आईला सगळं सांगितलं. आईने विचार करायला फारसा वेळ घेतला नाही.

"झाड येत नसेल तर आपण जाऊ," ती म्हणाली. "तळमजला आहे. माझे गुडघे सुटतील."

पुढच्या गुरुवारी ताई एकट्याच गेल्या. कवळीवाले कुणाचा तरी वरचा दात मेणात बसवत होते. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आई म्हणते, झाड येत नसेल तर आम्ही यावं."

कवळीवाल्यांनी मान वर केली नाही. दात सरळ केला. "आईंचं ठीक आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

"आईला एकटीला पाठवणं बरं दिसणार नाही."

आता त्यांनी मेण खाली ठेवलं. हात पुसले. बराच वेळ पुसले. "आतल्या खोलीला रंग काढून घ्यावा लागेल," ते म्हणाले. "आणि मोरीचा नळ ठिबकतो. तो मी बदलतो. तुम्ही बसा ना. उभ्या का?"

ताई बसल्या.

लग्न सरकारी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि नर्स आले होते. डॉक्टरांच्या सहीला फार वेळ लागला. कारकुनाने ती उलटसुलट करून बघितली आणि पुन्हा करायला सांगितली. नर्सने भेट म्हणून कुंडी आणली होती. ती उपयोगाची नव्हती, कारण बरणी आता हलवता येत नव्हती, पण ती त्या च्युइंगमची भरपाई आहे हे सगळ्यांना समजलं.

अडचण आली ती आईच्या खाटेची. आतल्या खोलीत दोन खाटा मावेनात. शेवटी बाहेरच्या खोलीत साच्यांच्या फळ्यांखाली आईची जागा झाली. इतक्या लोकांची तोंडं डोक्यावर घेऊन मी झोपणार नाही, असं ती दोन दिवस म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने नावं वाचायला सुरुवात केली आणि कोण अजून आहे, कोण गेलं, हे जावयाला विचारू लागली. त्यात तिचा वेळ चांगला जाऊ लागला.

पुढच्या थंडीत झाडाला दांडा आला. तो आधी आईला दिसला, कारण खिडकी तिच्या खाटेपाशी होती. तिने आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. आधीच्या वेळी किती गोंधळ झाला होता हे तिने पाहिलं होतं. दांडा बोटभर झाला, वर वळला, त्याला मुगाएवढ्या दोन गाठी दिसायला लागल्या, तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "आता बघायचं असेल तर बघा."

दोघं उठून खिडकीपाशी गेले. आईने आपला चहा संपवला आणि त्यांच्या ताटलीतली बिस्किटं पुढे ओढली.